भोपाळला मुलांना काय दाखवू?

प्रश्न: आम्ही नागपूरचे. दिवाळीच्या सुटीत शनिवार ते मंगळवार भोपाळला जातोय. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, सोबत सासूबाई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. आदिवासी संस्कृतीची दोन मोठी संग्रहालयं तिथे आहेत असं कळलं. मागे एका संग्रहालयात मुलगा वीस मिनिटांत "घरी चला" म्हणून बसून राहिला होता, त्यामुळे धास्ती वाटते. दुसरं म्हणजे, गॅदरिंगमध्ये त्याला अंगाला पानं बांधून, तोंडाला काळं फासून "आदिवासी" केलं होतं. तेव्हापासून मुलगी विचारते, "ते लोक अजून असेच राहतात का?" तिला काय सांगावं, आणि दोन्हीपैकी कोणतं संग्रहालय बघावं?

उत्तर: ताई, दोन्ही बघा. पण एकाच दिवशी नको, आणि कोणतंही पूर्ण बघायचा हट्ट नको.

मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय २०१३ साली सुरू झालं. ते श्यामला हिल्सवर, इमारतीतलं, सावलीतलं आहे आणि मोठ्या दालनांमध्ये विभागलेलं आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय त्याच श्यामला हिल्सवर, मोठ्या तलावाच्या काठच्या टेकडीवर आहे. तिथे सुमारे २०० एकरांत देशभरातल्या समाजांची घरं उघड्यावर उभी आहेत. वीथि संकुल नावाची मोठी बंदिस्त इमारत आहे ती वेगळीच. पहिल्यात नजर दमते, दुसऱ्यात पाय. सहा वर्षांच्या मुलाला एका दिवसात दोन्ही दमवणं झेपत नाही, म्हणून दोन वेगळे दिवस.

दोन्ही ठिकाणं सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्यांना बंद असतात. म्हणजे तुमच्या हातात शनिवार, रविवार आणि परतीच्या गाडीवर अवलंबून मंगळवार. जनजातीय संग्रहालय दुपारी १२ ला उघडतं आणि नोव्हेंबर ते जानेवारीत ७ पर्यंत, एरवी ८ पर्यंत चालू असतं. मानव संग्रहालय सप्टेंबर ते फेब्रुवारी सकाळी १० ते साडेपाच, उन्हाळ्यात ११ ते साडेसहा. दिवाळीच्या नेमक्या दिवशी काय असेल ते निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.

१२ ची वेळ लहान मुलांसाठी अडचणीची, कारण तेव्हा त्यांना भूक लागते. बहुतेक कुटुंबं इथेच चुकतात. नाश्ता उशिरा करून १२ ला आत शिरतात, दीडला मूल रडायला लागतं आणि दोष संग्रहालयाला मिळतो. साडेअकराला पोटभर जेवून साडेबाराला आत जा. रविवारी संध्याकाळी गर्दी जास्त असते, म्हणून हे शनिवारीच उरका.

जनजातीय संग्रहालयात सगळी दालनं क्रमाने बघायची असा नियम कुणी केलेला नाही. सांस्कृतिक वैविध्य, जीवनशैली, कलाबोध, देवलोक, पाहुणं राज्य म्हणून छत्तीसगढ आणि खेळांचं "रक्कू" अशी रचना आहे. तुमच्यासाठी जीवनशैलीचं दालन सगळ्यात महत्त्वाचं. इथे घरं आहेत, चूल, कोठी, जातं आहे. ज्या समाजांची ती घरं, त्यांच्याच कारागिरांनी आणि चित्रकारांनी जागेवर येऊन बरंचसं काम केलंय, ते हात लावल्याशिवायही जाणवतं. इथे ३०-४० मिनिटं द्या. कलाबोध पंधरा मिनिटांत. देवलोक मात्र विचार करून. तिथे उजेड कमी आहे, देवतांची रूपं मोठी आहेत, सावल्या पडतात. मोठ्या मुलीला ते दालन भारावून टाकेल, सहा वर्षांच्याला भीती वाटू शकते. दारातच त्याला खाली बसून सांगा, "आत अंधार आहे, माझा हात सोडू नकोस, नको वाटलं तर लगेच बाहेर येऊ." नको म्हणाला तर ओढत नेऊ नका. तुमच्यातल्या एकाने त्याला घेऊन थेट रक्कूकडे जायचं, दुसऱ्याने मुलीसोबत देवलोक बघायचं. रक्कू शेवटी ठेवा. मुलाला थकव्यातही ते आवडतं आणि बाहेर पडताना रडारड होत नाही. मात्र तिथली मांडणी बघण्यासाठी आहे. चढण्याआधी, हात लावण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारायला मुलालाच पाठवा.

हात का लावायचा नाही, हे मुलाला एकदाच नीट सांगा, नाहीतर तो वीस वेळा लावेल. शेणामातीच्या भिंतीवर बोट घासलं की वरचा थर भुकटी होऊन निघतो, आणि बोटांचं तेल रंगावर बसलं की तिथे धूळ चिकटते. हजार मुलांनी एकेक बोट लावलं तर चित्र जातं. कारण कळलं की मुलं पाळतात. "हात लावू नको" एवढ्यावर पाळत नाहीत.

वीस मिनिटांत मूल बसून राहतं त्यामागे बहुतेक वेळा मोठ्यांचा एक उद्योग असतो, तो म्हणजे प्रत्येक फलक मोठ्याने वाचून दाखवणं. तो बंद करा. त्याऐवजी मुलाच्या हातात पाच चित्रं काढलेली चिठ्ठी द्या आणि ती पाच गोष्टी आत शोधायला सांगा. आम्ही सुचवतो त्या अशा: धान्याची कोठी, मातीचा घोडा, बाना हे वाद्य, गोंदण आणि गेडी, म्हणजे बांबूच्या उंच खुंट्यांवर पाय ठेवून चालायचं खेळणं. सगळं सापडलं नाही तरी चालेल.

मातीचा घोडा भिल्लांचा. नवस फेडताना देवाच्या जागी असे घोडे ठेवतात, तुमच्याकडे नंदुरबारच्या बाजूचे भिल्लही हे जाणतात. बाना हे परधान गोंडांचं सारंगीसारखं वाद्य, आणि त्याची गोष्ट आधीच घरी सांगून ठेवा. सात भाऊ होते, बडादेव त्यांच्यावर रुसून साजाच्या झाडात जाऊन बसला. धाकट्या भावाने बाना केला, झाडाखाली बसून वाजवला आणि देव प्रसन्न झाला. त्या धाकट्याचे वंशज परधान, म्हणून देवाला जागवायचं आणि यजमान गोंडांची वंशावळ गायचं काम त्यांचं. ही गोष्ट माहीत असलेल्या मुलाला बाना दिसला की तो स्वतःच थांबतो. गोष्ट नसेल तर ते एक लाकडी वाद्य, एवढंच.

मुलीला वेगळं काम द्या. एकच घर निवडून, जमिनीवर बसून, पंधरा मिनिटं त्याचं चित्र वहीत काढायचं. दार कोणत्या उंचीचं, भिंत कुडाची की मातीची, छपराचा उतार किती, खिडकी का नाही. कारणं तिला शोधू द्या. खिडकी नसली की हिवाळ्यात ऊब टिकते आणि पावसाची झड आत येत नाही. छपराचा उतार तिथल्या पावसावर ठरतो. एका घराची एवढी ओळख झाली की दुसऱ्या दिवशी मानव संग्रहालयात ती आपोआप तुलना करायला लागते.

तिथे रविवारी सकाळी १० ला पोहोचा. फक्त "जनजातीय आवास" हा भाग घ्या. हिमालयीन गाव, वाळवंटी गाव, किनारपट्टीचं गाव हे सगळं एका सकाळी पाहायला गेलात तर मुलांनी चालायचं थांबवलेलंच बघाल. आवासात तमिळनाडूच्या नीलगिरीतल्या तोडांचं अर्धं पिंप आडवं ठेवल्यासारखं घर शोधा, त्याचं दार इतकं बुटकं की मोठ्या माणसाला रांगतच आत जावं लागतं. मुलाला ते सगळ्यात जास्त आवडेल याची आम्हाला जवळजवळ खात्री आहे. नंतर मणिपूरच्या झेमी नागांचं मोरुंग, म्हणजे तरुणांचं एकत्र राहण्याचं घर. आणि मग वारल्यांचं घर, आपल्याच पालघर-डहाणूकडचं. तोडा, झेमी नागा आणि वारली, या तीन घरांसाठी दोन तास पुरतात. ही घरं त्या त्या समाजाच्या माणसांनी येऊन, आपलं साहित्य वापरून उभी केली आहेत. एखाद्या भिंतीचं लिंपण ताजं दिसलं, तर ती दुरुस्त झाली आहे असं मुलीला सांगा.

सासूबाईंसाठी मानव संग्रहालयाचा चढ-उतार त्रासदायक आहे. आत गाडी नेता येते का, कुठपर्यंत आणि किती पैसे लागतात, हे प्रवेशद्वारावरच विचारा. नसेल जमत, तर त्यांनी आवासाच्या पहिल्या दोन-तीन घरांपर्यंतच यावं आणि एक जण सोबत बसावं. घरातलं सगळ्यात जास्त ज्ञान त्यांच्याकडे आहे, हे विसरू नका. जातं, मुसळ, शेणाचा सडा, कोठीला बाहेरून लिंपण का, याची उत्तरं फलकापेक्षा आजी चांगली देतील. मुलांनी आजीला विचारायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

रविवारी जनजातीय संग्रहालयात नृत्य किंवा गायनाचे कार्यक्रम अनेकदा असतात. असला तर दुपारी पुन्हा जा, पण फक्त त्या कार्यक्रमापुरतं, दालनांत शिरू नका. नाचणाऱ्यांचा फोटो रंगमंचावर चालू असताना घ्यायला हरकत नसते. नंतर कुणाला थांबवून फोटो मागताना नाव विचारा, परवानगी विचारा, आणि मुलाला मध्ये उभं करून "पोज" मागू नका.

आता मुलीचा प्रश्न. तिला उत्तर द्यायची सुरुवात भोपाळपासून करू नका, नागपूरपासून करा. तुमचं शहर गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं. तो देवगढचा, आणि देवगढ आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात. शनिवारी गाडी नागपूरहून निघाली की पांढुर्णा, मुलताई, बैतूल, घोडाडोंगरी करत इटारसीला जाते, आणि त्यातला बैतूल जिल्हा गोंड आणि कोरकूंचा. मुलताई तापीच्या उगमाचं गाव, हेही सांगून टाका. कोरकू तर तुमच्या शेजारच्या मेळघाटातही आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, झारखंडच्या संथाळीशी आहे. भोपाळच्या एका मोठ्या स्टेशनचं नाव राणी कमलापती, ती गोंड राणी. २०२१ पर्यंत त्या स्टेशनला हबीबगंज म्हणत.

एवढं ऐकल्यावर "ते लोक" हा शब्द मुलीच्या तोंडून आपोआप मागे पडेल. मग सरळ उत्तर द्या: "काही गावांत घरं अजून मातीची आहेत, काहींत सिमेंटची. मुलं शाळेत जातात, मोठे कुणी शेती करतात, कुणी शिक्षक आहेत, कुणी तुझ्यासारखेच शहरात राहतात." २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींचे लोक १ कोटी ५३ लाख होते, म्हणजे राज्याच्या एकवीस टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख. अकरा वर्षांच्या मुलीला हे आकडे कळतात, आणि "जंगलातले थोडे लोक" हा समज त्यांनी लगेच मोडतो.

नुसतं गोड चित्रही दाखवू नका. बैगा जमातीचे लोक बेवर पद्धतीने, म्हणजे जंगलाचा तुकडा जाळून राखेत बी टाकून शेती करत, नांगर चालवत नसत, कारण धरणी आई, तिची छाती कशी चिरायची. इंग्रज सरकारने ती बंद करत करत १८९० च्या सुमारास त्यांना मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या बैगाचक या भागापुरतं बांधून टाकलं. जंगलावरचा हक्क गेला की माणसाचं काय होतं, हे मुलीशी बोलायला हे एक उदाहरण पुरे. सहा वर्षांच्याला यातलं काहीही सांगू नका.

भुरीबाईंची गोष्ट मात्र दोघांनाही सांगा. झाबुआकडच्या पिटोलच्या भुरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करायला आल्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना घरी भिंतीवर काढता तसं कागदावर काढायला सांगितलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जनजातीय संग्रहालयात त्यांनी आपलं आयुष्य भिंतीवर चितारलंय, ते शोधा. पाटणगढचे परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनाही त्याच स्वामीनाथन यांनी भोपाळला आणलं. मुलांना नावं सांगितली की "आदिवासी कला" असं धूसर काही उरत नाही, अमुक बाईंनी काढलेलं चित्र उरतं.

जायच्या आदल्या रविवारी घरी एक काम करा, मुलांकडून वारली पद्धतीचं चित्र काढून घ्या. एक मोठा खाकी कागद घ्या. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे गेरू आणि एक चमचा फेविकॉल घालून कागदावर पातळ हात फिरवा. कागद ओला झाल्यावर वळतो, म्हणून आधीच चारही कडा चिकटपट्टीने पाटावर बसवा. फेविकॉल नसेल तर गेरू वाळल्यावर हाताला लागत राहतो. तांदळाच्या पिठात, तीन चमच्यांना अंदाजे अडीच चमचे पाणी आणि डिंकाच्या पाण्याचे चार थेंब, असं दाटसर मिश्रण करा. बांबूच्या काडीचं टोक ठेचून ब्रश. ओलं असताना रेघ जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरी उमटते. मुलं घाईत वरून तीन थर देतात आणि मग रंग तडकतो, हे आधी सांगून ठेवा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, आणि चित्र त्यांचं स्वतःचं: आई स्कूटरवर, आजी खुर्चीत. वारल्यांचा लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी मात्र काढायला लावू नका, तो सवाष्णींनी लग्नात लिहायचा भाग. भिल्लांचं पिठोरा हे भिंतीवरचं चित्रही नवसाचं असतं, त्यालाही तेच लागू. काढण्याची पद्धत शिकता येते, दुसऱ्याचा देव शाळेच्या चार्टवर चिकटवायला नको.

पानं बांधलेल्या वेषाबद्दल: तुम्हाला खटकलं हे बरोबरच आहे. कोणताही एक समाज तसा पोशाख करत नाही, तो एका काल्पनिक "आदिवासी"चा आहे, आणि वर्गात एखादं गोंड किंवा कोरकू मूल असेल तर त्याला काय वाटेल ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पुढच्या वर्षी असं काही आलं तर शिक्षकांना भांडणाने नको, पर्यायाने अडवा. मुलगा गेडी चालवून दाखवेल, किंवा बान्याची गोष्ट सांगेल. त्याला वेष लागत नाही. शिक्षिका "बस थोडंसं रंगवू" म्हणाल्या तर "चेहरा रंगवणार नाही" एवढं ठामपणे सांगा आणि थांबा, पुढची कारणं मागितली तरच द्या.

खरेदी करायची तर संग्रहालयाच्या दुकानात, "चिन्हारी"त, करा. चित्र घेताना मागे किंवा कोपऱ्यात चित्रकाराचं नाव असावं, नसेल तर विचारा. परधान गोंड चित्रांत जाळी-ठिपक्यांची भरण प्रत्येक चित्रकाराची आपली असते, दोन चित्रं शेजारी ठेवून मुलीला फरक ओळखायला सांगा. छापील असेल तर रेघेची जाडी सगळीकडे एकसारखी दिसते, हाताने काढलेली कुठे बारीक, कुठे जाड होते. कॅनव्हास घेतलात तर गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर उलगडताना रंगाला भेग जाते. घडी कधीच घालू नका.

सोमवारी संग्रहालयं बंद, तेव्हा भीमबेटकाला जा. भोपाळहून दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटर, रस्ता चांगला. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तिथल्या गुहांमधली प्राचीन चित्रं जगासमोर आणली, २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. वाट दगडी आहे, सासूबाईंनी पहिल्या मोठ्या गुहेपर्यंतच यावं. सकाळी आठ-साडेआठला पोहोचलात तर अकराच्या आत परत निघता येतं. खाऊ आणि पाणी भोपाळहूनच भरून न्या, तिथे काही मिळेल असं धरून चालू नका.